रतनगड, पुण्याहून ग्रुपसोबत: गडाला पाच स्टार, ग्रुपला साडेतीन

ग्रुपचं नाव टाकत नाहीये, विचारू नका. एक तर एका फोटोवरून माझं त्यांच्याशी वाजलंय (येतेच त्यावर), आणि दुसरं म्हणजे यातलं निम्मं पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही वीकेंड ट्रेकवाल्यांना चिकटवलं तरी फिट बसेल. सप्टेंबरचा शेवटचा वीकेंड, शनिवारी रात्री निघून रविवारी रात्री परत, माणशी १,६५० रुपये, त्यात बस, रतनवाडीत गावातल्या घरी थांबायची सोय, नाश्ता, दुपारचं जेवण, लीडरची फी आणि वनखात्याची एंट्री. मी आणि माझी रूमी, दोघीच. रूमीचा दुसराच ट्रेक. पहिला सिंहगड, तोही अर्ध्यात दही खाऊन परत आली होती, पण ते जाऊदे.

मी तशी भटकी आहे. आठवड्यात दोन संध्याकाळी बॅडमिंटन, रविवारी सिंहगड, तिकोना स्कूटीवर, लोहगड तर लोणावळा लोकलनं मळवलीला उतरून चालत, किती वेळा झाला मोजलं नाही. ऑफिसात माझी ओळख सोमवारी लंगडत येणारी अशी आहे आणि आई साताऱ्याहून दर शुक्रवारी फोन करून विचारते, "या रविवारी तरी घरात बसणारेस का गं?" मग ग्रुपला पैसे कशाला द्यायचे, तर रतनगड पुण्याहून स्वतःच्या स्वतः करायचा म्हणजे प्रकरण आहे. नाशिक हायवेनं आळेफाटा, संगमनेर, तिथून आत अकोले, राजूर, शेंडी, आणि मग भंडारदरा धरणाच्या कडेकडेनं रतनवाडी. एसटीनं शेंडीपर्यंत पोचाल कसंबसं, पुढं जीप मिळाली तर मिळाली. दोघी मुलींनी रात्री बाराला त्या रस्त्यावर जीप शोधत उभं राहायचं हे मी आईला सांगू शकत नाही, खरं तर मला स्वतःलाच नको वाटतं. म्हणून ग्रुप.

बुकिंगच्या आधी मी नेहमी चार गोष्टी विचारते, आणि समोरचा किती घुटमळतो त्यावरून बरंच कळतं. लेडी लीडर आहे का, बॅच कितीची, लीडरचा बीएमसी झालाय का (बीएमसी म्हणजे मुंबई महापालिका नाही, बेसिक माउंटेनिअरिंग कोर्स, उत्तरकाशी नाहीतर दार्जिलिंगच्या संस्थेत २८ दिवस घासून घेतात तो), आणि टॉयलेटचं काय. पहिल्याला "हो आहे" असं पटकन आलं आणि ते खरं निघालं. बॅच "मॅक्स २०", ते खोटं निघालं, आम्ही ३४ होतो. बीएमसी एका लीडरचा झालेला, तोही नंतर कळलं की त्या लेडी लीडरचाच. टॉयलेटला उत्तर आलं "मॅनेज होतं ताई". हे "मॅनेज होतं" म्हणजे काय ते ज्या मुली ट्रेक करतात त्यांना मी सांगायची गरज नाही.

पाचवा प्रश्न मी हल्ली टाकायला लागलेय, इन्शुरन्स. जाहिरातीत लिहिलेलं असतं इन्क्लुडेड म्हणून. मी म्हणलं पॉलिसीची कॉपी पाठवा, तर ब्ल्यू टिक आली, पॉलिसी आली नाही. राज्य सरकारनं २०२१ साली साहसी पर्यटनाचं धोरण आणलंय, त्यात असले ट्रेक वगैरे नेणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायचीय, तर तेही विचारलं. "प्रोसेसमध्ये आहे." ओके. तरी मी पैसे भरले, हे पण खरं, कारण सोनकी फुललेली असणार होती आणि रूमीनं सुट्टी टाकली होती सोमवारची.

आता पहिला राग. निघायच्या दोन दिवस आधी त्यांची स्टोरी आली इन्स्टावर, "रतनगड बॅच, ९ मुली ऑलरेडी जॉइन्ड, लास्ट ६ सीट्स", बाजूला आगीचं स्टिकर. आम्ही नऊ जणी म्हणजे काय, पोह्यांसारख्या पॅकेजमध्ये इन्क्लुडेड का? मी लगेच मेसेज केला. उत्तर, "ताई, मुलींना सेफ वाटावं म्हणून टाकतो". आता मी स्वतः पण बुक करताना विचारलं होतंच की अजून मुली आहेत का, सगळ्याच विचारतो, एकटीच असलो तर जरा विचार करतो. पण मी इनबॉक्समध्ये विचारणं वेगळं आणि तुम्ही उरलेल्या सहा सीटा विकायला आमची संख्या चिकटवणं वेगळं. त्या सहा सीटांवर कोण आले सांगू? सहाही मुलगे. त्यातले चार खरंच चांगले होते, एक काही बोलला नाही आणि एकाचं पुढं येतंच.

गुरुवारी व्हॉट्सअॅप ग्रुप बनला, ३४ जणांचे नंबर सगळ्यांना दिसतायत, डीपीसकट. शुक्रवारी दुपारी मला पहिला "हाय, सेम बॅच ना?" आला. रूमीला दोन आले. ट्रेकनंतर मला अजून चार, त्यातला एक बिचारा खरंच त्याचे फोटो मागत होता, बाकीचे तीन "काल मस्त चढलीस" टाइप. काल मी मस्त चढले ते मला माहितेय. व्हॉट्सअॅपवरच कम्युनिटी करून फक्त सूचना टाकता येतात, मेंबरना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, फुकट आहे, पाच मिनिटांचं काम आहे. हे मी त्यांना लिहून पाठवलंय. कोणी ग्रुप चालवणारं हे वाचत असेल तर प्लीज करा एवढं.

बस. शिवाजीनगरला रात्री दहाचं टायमिंग होतं, आली पावणेबाराला. नाशिक फाट्यावर उभे असलेले त्याहून उशिरा बसले आणि चाकणला रात्री साडेबाराला ट्रॅफिक, म्हणजे चाकणला ट्रॅफिक कधी नसतं हा एक संशोधनाचा विषय आहे. नंबर प्लेट पिवळी होती हे मी बघितलं, काही ग्रुप पांढऱ्या प्लेटच्या गाड्यांत माणसं नेतात, ते चेक करत जा. आत निळ्या लाइटा आणि फुल आवाजात गाणी. एक वाजेपर्यंत मी पण नाचले, खोटं कशाला बोलू, पण पहाटे उठून चढायचंय तर एकनंतर बंद करायला नको? लेडी लीडरनं, ताई म्हणते मी तिला इथून पुढे, वय माझ्याएवढंच असेल, तिनं उठून स्वतः स्पीकर काढून बॅगेत टाकला. कोणीतरी ओरडलं "अरे यार". ती म्हणाली, "उद्या शिडीवर नाचा." बस्स, तिथंच मला ती आवडली.

सव्वापाचला पोचलो, प्लॅनमध्ये साडेतीन होतं, म्हणजे झोप गेलीच. घराच्या ओसरीवर चटया, एका खोलीत मुलींची सोय, दाराला आतून कडी होती, मी तपासली. टॉयलेट एक. माणसं ३४. गावातल्या त्या घरच्या काकूंनी स्वतःहून शेजारच्या घरातलं उघडून दिलं मुलींसाठी, गरम पाण्याची बादली पण ठेवली, ग्रुपनं यात काहीही मॅनेज केलेलं नव्हतं, जे केलं ते काकूंनी. पोहे आणि चहा. पोहे गार, चहा एक नंबर.

निघालो पावणेसातला आणि इथून ग्रुपचे स्टार वाढायला लागतात. कारण रतनगडाला सकाळी लवकर लागणं हाच अर्धा ट्रेक आहे. कसं ते सांगते. रतनवाडीतून निघालं की आधी प्रवरेचा ओढा लागतो, ही प्रवरा इथंच रतनगडाच्या अंगावर उगम पावते आणि खाली लगेच धरणात जाते, ओढा दोनतीनदा ओलांडावा लागतो, मग गच्च जंगल, सप्टेंबरात चिखल आणि शेवाळलेले दगड. वर एक फाटा लागतो, एक वाट कात्राबाईच्या खिंडीकडून हरिश्चंद्रगडाला जाते आणि दुसरी रतनगडाच्या शिड्यांना. फाट्यावर चुकून सरळ गेलात तर दुपारपर्यंत चालत राहाल आणि रतनगड मागंच. गावातले एक मामा वाटाड्या म्हणून होते सोबत, ते फाट्यावर चक्क बसून राहिले शेवटचा माणूस येईपर्यंत, बिडी पण ओढली नाही, फक्त मोजत होते. ३४ मोजून झाले तेव्हा उठले.

तर शिड्या. लोखंडी, दोन, एकावर एक. एकावेळी एकाच बाजूनं जाता येतं. म्हणजे चढणारे चढेपर्यंत उतरणाऱ्यांनी वर थांबायचं आणि उलटं. वीकेंडला दहाच्या पुढं तिथं जी लाइन लागते ती तुळशीबागेत दिवाळीच्या आदल्या रविवारी पण लागत नाही. आम्ही नऊच्या जरा आधी पोचलो तर अर्ध्या तासात वर. आमच्या मागून एक दुसराच ग्रुप आला, पन्नास एक जण असतील, त्यांचे लीडर कुठेतरी मागेच, पुढची पोरं शिडीखाली ढकलाढकली करतायत, एकानं वर असलेल्या मुलीच्या पायाला हात लावून "चल चल" केलं. आमच्या ताईनं त्याला असं झापलं की त्याच्याच ग्रुपच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. मग तिनं शिस्त लावली, आधी एक लीडर वर, एक दोन शिड्यांच्या मध्ये, ती स्वतः खाली, आणि एका शिडीवर एकच माणूस, तो वर पोचल्याशिवाय दुसऱ्यानं हात पण लावायचा नाही. त्या दुसऱ्या ग्रुपला पण तसंच चढवलं, पैसे त्यांचे घेतलेले नसताना.

दुसऱ्या शिडीवर माझी रूमी अडकली. अडकली म्हणजे थिजली, दोन्ही हात दांड्याला आणि डोळे मिटून. मी वर होते, मला काहीच सुचेना, मी आपली "चल ना, होतंय की" असं काहीतरी निरुपयोगी बोलत होते. खालून लोक व्हिडीओ काढायला लागले (का पण?). ताई तिच्या मागून चढली, तिच्या दोन्ही बाजूंनी हात टाकून उभी राहिली म्हणजे तिला मागं कोणीतरी आहे असं वाटावं, आणि म्हणाली, "खाली बघू नको असं मी नाही सांगणार, बघ हवं तेवढं. बघून झालं की उजवा हात वर." रूमीनं खरंच खाली बघितलं, मग आईवरून एक शिवी दिली, आणि उजवा हात वर. वर आल्यावर दहा मिनिटं रडली आणि मग चिक्की खाल्ली. आता ती ऑफिसात सगळ्यांना शिडीचा किस्सा असा सांगते की जणू एकटीच चढली, सांगूदे, आपलं काय जातंय.

हे एवढं लांबण लावून लिहिलं कारण ट्रेक ग्रुप जोखायचा तर तो इथं. रील, ड्रोन शॉट, सारखे टीशर्ट, ते सगळे करतात. सगळ्यात पुढं कोण चालतं त्याच्याशी मला घेणं नाही, सगळ्यात मागं कोण चालतं ते बघते मी. आमच्या बॅचमध्ये एक काका होते पन्नाशीचे, मुलीसोबत आलेले, गुडघा त्रास देत होता. स्वीपला, म्हणजे सगळ्यात मागं चालायला, जो पोरगा होता, कॉलेजातलाच असेल, तो पूर्ण दिवस त्यांच्या वेगानं चालला, एकदाही "काका जरा पटपट" केलं नाही, उलट त्यांच्याकडून जुन्या गाड्यांच्या गोष्टी ऐकत होता. चौतिसाला तीन लीडर आणि एक मामा हे कमीच आहे माझ्या मते, पण जे होते ते माणसं होते.

आणि टॉयलेट. गडावर काही नाही, असणार पण नाही. ताईनं गुहेपाशी पोचल्यावर मुलींना बाजूला घेऊन सांगितलं, कुठली जागा, पाण्याच्या टाक्यांपासून लांब, दोघी जायचं, एकीनं ओढणी धरून उभं राहायचं. तिच्या बॅगेत कागदी पिशव्या, पॅड आणि झिपची काळी पाऊच होती, वापरलेलं पॅड झिपमध्ये, खाली घेऊन यायचं, गडावर काही टाकायचं नाही. एकीची पाळी त्या दिवशी सकाळीच आली होती आणि ती बिचारी कोणाला न सांगता अर्धा दिवस पाणी न पिता चालत होती. मला एवढं वाईट वाटलं कारण मी पण केलंय हे, कॉलेजात असताना राजमाचीला, पाणी नाही प्यायले म्हणजे जावं लागणार नाही या हिशोबानं, आणि परतीला चक्कर येऊन बसले होते. बुकिंगच्या वेळी "मॅनेज होतं ताई" म्हणणाऱ्या भाऊंनी हे सगळं आधी चार ओळीत लिहून पाठवलं असतं तर तिनं पाणी प्यायलं असतं. ताईला जे माहितेय ते तुमच्या ग्रुपच्या जाहिरातीत का नाही?

गड स्वतः, त्याला मी स्टार देणारी कोण. रतनगडाची उंची १,२९७ मीटर. शिड्या संपल्या की गणेश दरवाजा, कातळात गणपती कोरलेला, तिथून गुहा, रत्नाईचं ठाणं, पुढं हनुमान दरवाजा, राणीचा हुडा नावाचा पडका बुरूज, कातळात खोदलेली पाण्याची टाकी, आणि सगळीकडे, म्हणजे सगळीकडेच, सोनकी. पिवळी फुलं, बोटाच्या पेराएवढी, पण अशी पसरलेली असतात की गडावर हळदीकुंकू सांडलं आणि कुंकू कोणी उचलून नेलं. लोक त्यात झोपून फोटो काढतात. आमच्याकडे ताईनं आधीच सांगितलेलं, वाटेवर उभं राहून काय काढायचे ते काढा, फुलात जो बसेल तो परत जाताना सगळ्यांच्या रिकाम्या बाटल्या उचलेल. एक बसला (तोच, सहावा), आणि त्याला खरंच उचलायला लावल्या. मला एवढा आनंद झाला की काय सांगू.

मग नेढं. गडाच्या माथ्यावर कातळाला आरपार भोक आहे, सुईचं नेढं असतं तसं, म्हणून नाव. शेवटचा टप्पा हातपाय लावून चढायचा आणि आत गेलं की वारा असा अंगावर येतो की बोललेलं शेजारच्याला ऐकू जात नाही. ढग दहा मिनिटं बाजूला झाले आणि एका अंगाला अलंग, मदन, कुलंग, त्याच्या पलीकडे कळसूबाई, खाली भंडारदऱ्याचं पाणी. कळसूबाई म्हणजे १,६४६ मीटर, महाराष्ट्रात सगळ्यात उंच, मी तिथं गेल्या वर्षी गेले होते पण इथून ती जास्त चांगली दिसते, जवळून फक्त लोकांच्या पाठी दिसतात. आम्ही दोघी नेढ्यात बसून चकली खाल्ली, काही बोललो नाही. आमच्या दोघींच्या बाबतीत ही बातमी आहे.

कोकण दरवाजा लांबूनच दाखवला, आणि त्र्यंबक दरवाज्याकडे नेलंच नाही. तिकडे कातळात खोदून काढलेल्या पायऱ्या आहेत, मला त्याच बघायच्या होत्या, जाहिरातीत फोटो पण त्यांचाच लावलेला! कारण दिलं वेळ नाही. वेळ कुठं गेला तर शिवाजीनगरला पावणेदोन तास, त्याचं बिल त्र्यंबक दरवाज्याच्या नावावर. यासाठी अर्धा स्टार कापलाय आणि मी तो परत देणार नाहीये.

उतरताना बुटांविषयी एकच सांगते. पावसाळी कातळ आणि शेवाळ यावर पळायचे शूज चालत नाहीत, कितीही महाग असूदेत. बॅचमधे एकाचे दहा हजाराचे रनिंग शूज होते, तो उतरताना जास्त वेळ बसूनच आला. आणि वॉटरप्रूफच्या मागं लागू नका सह्याद्रीत, ओढा गुडघ्यापर्यंत असतो, पाणी वरूनच आत येतं आणि मग ते बूट वॉटरप्रूफ असल्यामुळं बाहेर जातच नाही. खोल खाचांचा सोल आणि एक जास्तीचा मोज्यांचा जोड, झालं. नखं कापून जा, नाहीतर उतरताना अंगठा काळा होतो, माझा डावा आत्ता आहे.

तीनला खाली. जेवण त्याच काकूंकडे आणि हे मी आयुष्यभर विसरणार नाही. नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, वरण, आणि भात, तो भात नुसता खाल्ला मी दुसऱ्यांदा वाढून घेऊन. नागली म्हणजे आपली नाचणी, तिकडं नागलीच म्हणतात. रूमी भाकरी खात नाही असं गेली दोन वर्षं मला सांगत आलीय, तिनं तीन खाल्ल्या. काकूंना विचारलं ग्रुप तुम्हाला माणशी किती देतो, त्या हसल्या आणि "देत्यात की" म्हणाल्या, पुढं मी पण ताणलं नाही. आम्ही दोघींनी त्यांच्याकडून किलोकिलो तांदूळ विकत घेतला. तुम्ही गेलात तर तसंच काहीतरी घ्या, चिप्सची पाकिटं पुण्याहून न्यायची काय गरज आहे.

आणि अमृतेश्वर सोडून येऊ नका. गावातच आहे, पार दगडी, हजार वर्षांच्या पुढचं देऊळ, बाहेरून अख्खं कोरलेलं. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड पाण्याखाली जाते, आम्ही गेलो तेव्हाही पाणी होतंच, आत वाकून बघितलं तर आधी आपलंच तोंड दिसतं. शेजारी पुष्करणी आहे, कोनाड्यांची. ग्रुपनं इथं दिली वीस मिनिटं, ग्रुप फोटोची दहा धरून. बॅनर धरून. बॅनर देवळासमोर धरायची काय हौस असते कळत नाही, हजार वर्षं ते देऊळ उभंय आणि समोर पिवळ्या फ्लेक्सवर ग्रुपचा मोबाइल नंबर.

परतीला नऊ सांगितलेले, नाशिक फाट्यावर बारा वाजून दहा मिनिटं. पण एक, ताई आणि तो स्वीपवाला पोरगा आमच्यासोबत खाली उतरले आणि आमची कॅब येईपर्यंत थांबले, गाडीचा नंबर त्यांनी लिहून घेतला, बसवाला हॉर्न मारत होता तरी. घरी पोचल्यावर मेसेज करा म्हणाली, केला, रात्री पाऊणला तिचा अंगठा आला. साडेतीनमधले दोन स्टार तिचे एकटीचे आहेत. एक त्या पोराचा आणि मामांचा मिळून. अर्धा नऊला शिडीखाली पोचवल्याबद्दल. काकूंचे स्टार यात धरले नाहीत, ते वेगळे आणि पाच.

आता फोटो. मंगळवारी माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीनं स्क्रीनशॉट पाठवला. ग्रुपच्या पेजवर मी. नेढ्यात, पाठमोरी नाही, समोरून, केस उडतायत, चकली हातात. वर मोठ्या अक्षरात "सोलो गर्ल्स, आमच्यासोबत सेफ!" खाली पुढच्या बॅचच्या तारखा. पहिलं म्हणजे मी सोलो नव्हते, शेजारी रूमी बसलेली, तिला कापलंय. दुसरं, मला कोणी विचारलं? फोटो चांगला आहे हो, माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला असेल, तोच तर त्रास आहे, मला तो स्वतःला टाकायचा होता. मेसेज केला तर म्हणे, "ताई फॉर्ममध्ये कन्सेंट होता". फॉर्म काढून बघितला, सगळ्यात शेवटी, ब्लड ग्रुप आणि इमर्जन्सी नंबरच्या खाली, बारीक अक्षरात एक ओळ, टिक आधीच केलेली. म्हणजे तुम्ही मुलींना सेफ वाटावं म्हणून माझा फोटो मला न विचारता लावताय. मी हे वाक्य त्यांना जसंच्या तसं पाठवलं, तर हसण्याचा इमोजी आला.

ताईला सांगितलं. तिनं लिहिलं, "बघते." तिचं ते पेज नाहीये, ती पर ट्रेक पैसे घेऊन येते फक्त, किती घेते तेही सांगितलं, ते इथं लिहीत नाही, पण ३४ गुणिले १,६५० करून बघा आणि मग अंदाज लावा की तिला मिळतात ते किती कमी असतील.

जायचं असेल तर सप्टेंबर संपता संपता नाहीतर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात जा, सोनकीसाठी. मुलींनो, बुक करताना "लेडी लीडर आहे का" एवढ्यावर थांबू नका, तिचं नाव विचारा आणि तीच येणार का ते विचारा. फॉर्म खालून वर वाचा.

अपडेट, शुक्रवार रात्र: फोटो काढला. त्याजागी आता दुसऱ्या कुणीतरी मुलीचा आहे, कळसूबाईचा. तिला मी ओळखत नाही, पण पेजला टॅग आहे तिचा, मेसेज करून ठेवलाय.

अपडेट दोन: तिला माहितीच नव्हतं.

अपडेट तीन: ताई पुढच्या महिन्यात स्वतःची बॅच काढतेय, बारा जणांची, हरिश्चंद्रगड, पाचनईकडून. आम्ही तिघी जातोय, मी, रूमी आणि ती कळसूबाईवाली. आईला अजून सांगितलेलं नाही.